घरच्या संगणकावर शाळेच्या नावाची वही



गेल्या मे महिन्यात चार दिवस शाळेचे संकेतस्थळ उघडत नव्हते आणि शाळेच्या पत्त्यावर पाठवलेले ईमेलही पोहोचत नव्हते. प्रवेशाचे दिवस, त्यामुळे पुष्कळ पालकांना उन्हातून हेलपाटे पडले. 'सर्व्हर बंद असेल' असे मीही ज्याला त्याला सांगत होतो. प्रत्यक्षात ज्या संगणकावर संकेतस्थळ ठेवले आहे तो व्यवस्थित चालू होता. हरवले होते ते शाळेचे नाव. हे कसे घडले ते सांगणे भाग आहे, कारण त्यात माझ्या सहीचाही वाटा आहे.

इंटरनेटवर संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. ० ते २५५ मधील चार आकडे ठिपक्यांनी जोडून पत्ता होतो. (आता याहून लांब पत्तेही वापरात आहेत.) आपल्याला आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून नावे आली. प्रारंभी सगळ्या नावांची एकच यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली ठेवली जाई आणि इतर संगणक तिची प्रत उतरवून घेत. संगणक वाढले तशी ही एक यादी पुरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिमची, म्हणजे डीएनएसची, योजना मांडली. तिचे १९८७ मध्ये सुधारलेले नियम आजही पायाभूत आहेत.

योजना आपल्या पटवाऱ्याच्या दप्तरासारखी आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन एखाद्या शेताची हद्द विचारली तर ते तहसील दाखवतात, तहसील पटवारी दाखवते आणि हद्द सांगतो तो पटवारी. एक्झाम्पल.कॉम हे नाव घ्या (ते उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहे). ते उजवीकडून वाचायचे. विचारणारा प्रथम मूळ सर्व्हरकडे जातो. अशा सर्व्हरांची ए पासून एम पर्यंत १३ नावे आहेत, यंत्रे मात्र जगभर शेकडो ठिकाणी ठेवलेली आहेत. मूळ सर्व्हर म्हणतो, 'कॉमवाल्यांना विचारा.' कॉमचे सर्व्हर त्या नावाच्या स्वतःच्या नेम सर्व्हरकडे बोट दाखवतात आणि खरा आकडा तिथे मिळतो. मिळालेले उत्तर ठरावीक काळ लक्षात ठेवले जाते. किती काळ, ते वहीचा मालक सेकंदांत लिहून ठेवतो. ३६०० म्हणजे एक तास.

आता घरचा नेम सर्व्हर. यात दोन वेगळी कामे आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. एक काम विचारणाऱ्याचे, दुसरे उत्तर देणाऱ्याचे.

विचारणारा घरी ठेवणे सोपे आहे. जुना संगणक किंवा रास्पबेरी पाय घ्यावा, त्यावर अनबाउंड नावाची मोफत प्रणाली बसवावी आणि घरातल्या यंत्रांना त्याचा पत्ता द्यावा. मुले याच्या नोंदी वाचतात तेव्हा एक पान उघडताना किती ठिकाणी विचारपूस होते ते पाहून चकित होतात. एक पथ्य कडकपणे पाळावे: त्याने फक्त घरच्यांनाच उत्तर द्यावे. बाहेरच्या कोणालाही उत्तर देणारा सर्व्हर लबाडांच्या उपयोगी पडतो. दुसऱ्याच्या नावाने छोटा प्रश्न पाठवायचा, म्हणजे कितीतरी पट मोठे उत्तर त्या बिचाऱ्याच्या दारात जाऊन पडते. मार्च २०१३ मध्ये स्पॅमहाउस या संस्थेवर याच रीतीने फार मोठा हल्ला झाला होता.

उत्तर देणारा घरी ठेवणे कठीण. घरच्या जोडणीचा आकडा बदलत राहतो. अनेकदा एकाच आकड्यामागे कितीतरी घरे बसवलेली असतात, मग बाहेरचा प्रश्न आपल्या दारापर्यंत येतच नाही. शिवाय लाइट जाते. नियम असा की प्रत्येक नावाला निदान दोन नेम सर्व्हर हवेत, आणि तेही एकमेकांपासून दूर, वेगळ्या जाळ्यांवर. जानेवारी २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टची संकेतस्थळे जवळपास दिवसभर दिसेनाशी झाली होती. त्यांचे चारही नेम सर्व्हर एकाच जाळ्यावर होते.

आमच्या अकरावीच्या एका विद्यार्थ्याला हे सगळे ठाऊक होते. त्याने मधला मार्ग सुचवला. मूळ वही त्याच्या घरच्या संगणकावर राहील, तिथून बाहेरचे दोन सर्व्हर प्रत उतरवून घेतील आणि जगाला तेच उत्तर देतील. यासाठी त्याच्या वडिलांनी मासिक शुल्क भरून न बदलणारा आकडा घेतला. मला योजना पटली, मी सही केली. (विश्वस्तांना नंतर कळवले, हेही कबूल करतो.)

आधी एक छोटी चूक झाली. वहीच्या माथ्यावर एक क्रमांक असतो. मजकूर बदलला की तो वाढवायचा, नाहीतर बाहेरच्यांना वाटते काहीच बदलले नाही. ईमेलची नोंद बदलताना क्रमांक वाढवायचा राहिला आणि दोन दिवस जुनीच नोंद चालत राहिली. त्याच माथ्यावर मुदतही लिहिलेली असते: मूळ वहीशी इतके दिवस संपर्क झाला नाही तर प्रत रद्द समजा. जाणकार दोन ते चार आठवडे सुचवतात. आमच्या विद्यार्थ्याने ६०४८०० सेकंद लिहिले होते, म्हणजे सात दिवस. तो आणि मी, दोघांनाही ते भरपूर वाटले.

मे महिन्यात ते कुटुंब अकरा दिवस गावी गेले. जाताना आईने शहाण्या गृहिणीप्रमाणे घरातले सगळे प्लग काढले. सात दिवस बाहेरच्या सर्व्हरांनी निमूटपणे काम केले, आठव्या दिवशी दोघेही एकदम गप्प. परत आल्यावर मुलाने प्लग लावला आणि काही मिनिटांत नाव परत आले. मग त्याने मला फोन केला. आवाज रडवेला होता.

विश्वस्त मंडळाच्या बैठकीत 'मुलांच्या हाती असला कारभार नको' असे मत आले. मी त्याला विरोध केला. मुलाने आकडा चुकवला हे खरे, पण ती वही दुसऱ्या कोणालाच उघडता येत नव्हती, आणि ही व्यवस्था मी मान्य केली होती. दूरचे दोन सर्व्हर घेऊनही सगळा भार एका घरातल्या एका प्लगवर होता, हे माझ्या ध्यानात यायला हवे होते.

आता मूळ वही शाळेच्या संगणक कक्षात आहे. मुदत चार आठवडे केली आहे. पासवर्ड बंद लिफाफ्यात कार्यालयाच्या कपाटात आहेत आणि संगणक शिक्षकांसह तिघांना ते काम येते. क्रमांक वाढवण्याचे काम अजून तोच विद्यार्थी करतो, तपासतात शिक्षक.

ज्यांना घरी विचारणारा सर्व्हर बसवून पाहायचा आहे त्यांनी पालकांची सही घेऊन संगणक कक्षात नाव द्यावे. जुना संगणक चालेल. उत्तर देणाऱ्याचा सराव आम्ही शाळेच्या आतल्या जाळ्यावरच, खोट्या नावांनी करणार आहोत.