आधी भरतीची वेळ, मग गाडीची

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा मुलखातल्या माणसांना समुद्राची ओढ वाटावी यात नवल नाही. नांदेड-लातूरकडच्या गाड्या सुटी लागली की कोकणात उतरतात. लातूरहून हरिहरेश्वर पाचशे किलोमीटरच्या आसपास, नांदेडहून आणखी लांब. मग ‘एवढ्या लांब आलोच आहोत तर’ म्हणून एकाच दिवसात सगळं कोंबलं जातं: सकाळी दिवेआगर, शेखाडीवरून किनाऱ्याच्या कडेकडेने श्रीवर्धन, दुपारी हरिहरेश्वर आणि संध्याकाळी बागमांडल्याच्या जंगलजेटीवर गाडी चढवून पलीकडे बाणकोट. नकाशावर ही अंतरं किरकोळ दिसतात. तरीही माझं म्हणणं असं, की किनाऱ्यावरचा दिवस किलोमीटरवर आखू नये, भरती-ओहोटीवर आखावा.

हरिहरेश्वरचंच घ्या. सावित्री जिथे समुद्राला मिळते तिथल्या डोंगराच्या टोकाशी हे देऊळ आहे. प्रदक्षिणेची वाट देवळामागून वर चढते आणि कातळाच्या चिंचोळ्या खिंडीतून पायऱ्यांनी थेट समुद्राच्या काठाशी उतरते. लाटांनी जाळीसारखा कोरलेला खडक डाव्या-उजव्या हाताला ठेवत डोंगराला वळसा घालून परत यायचं. ओहोटीला ही वाट मोकळी असते. भरतीला लाटा थेट कड्यावर आपटतात आणि मधूनच वर निसटायला सोपी जागा नसते. आता वेळेचा हिशेब पाहा. किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे ओहोटी बाराला. पौर्णिमेला मात्र भरती सव्वाअकराच्या पुढेमागे, आणि तीही उधाणाची. होळी किंवा बुद्धपौर्णिमेची सुटी साधून, नाश्ता उरकून निघालेलं कुटुंब नेमकं त्याच वेळेला पायऱ्यांपाशी पोचतं. दर्शनाला शुभ म्हणून निवडलेली तिथी प्रदक्षिणेला सर्वांत वाईट ठरते.

यावर आपल्याकडचं ठरलेलं उत्तर असतं: गोदावरीत नाहीतर विहिरीत पोहायला शिकलो, आम्हाला पाण्याची काय भीती? पण नदीची ओळख इथे कामी येत नाही, उलट फसवते. मांजरा किंवा मन्याडला पूर येतो तो एका दिशेने, गढूळ होऊन, आवाज करत. भरती निरभ्र उन्हात येते. चार लाटा पायाशी विरतात म्हणून माणूस शेवाळलेल्या खडकावर फोटोसाठी आणखी दोन पावलं पुढे सरकतो आणि पाचवी लाट कमरेवर येते. गाडीचंही तेच. ओहोटीची ओली पुळण डांबरी रस्त्याइतकी घट्ट वाटते. चाक एकदा रुतलं की इंजिनच्या जोरावर ते आणखी खोल जातं आणि तोवर पाणी परत फिरलेलं असतं.

दुसरा आक्षेप खरा आहे: पाचशे किलोमीटर येऊन दोनच ठिकाणं पाहायची? पुन्हा येणं कधी होणार? खर्च आणि रजा दोन्ही मोजून मिळतात, हे मान्य. पण लांबून येणाऱ्यालाच घाई परवडत नाही. मोबाईल रस्त्याचा वेळ सांगतो. जंगलजेटीवरची सुटीतली रांग, घाटातली वळणं आणि रात्रभर गाडी हाकून आलेल्या ड्रायव्हरचे जड डोळे त्याच्या हिशेबात नसतात. पाच ठिकाणांच्या यादीत उशीर झाला, की तो भरून काढायला माणूस नको त्या वेळी खडकावर उतरतो. जागा कमी केल्या की उशीर पचवता येतो.

म्हणून निघण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी पाहा, पाऊणपट काढा आणि मुक्कामी पोचल्यावर कोळ्यांकडून किंवा देवळातल्या गुरवांकडून ती वेळ पक्की करून घ्या. ठोकताळा अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच. खडकावरची एक जागा ओहोटी लागलेली असताना पाहायची, पाणी फिरायच्या आत वर यायचं आणि बाकीचा दिवस त्याभोवती बसवायचा. गाडी पक्क्या जागेवरच लावायची. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत पायऱ्या उतरायचा विचारच सोडावा. गुरव ‘आज नको’ म्हणाले, तर पुढे चाललेल्या गर्दीकडे पाहून वाद घालू नये. त्या गर्दीतही बहुतेक आपल्यासारखेच लांबून आलेले असतात.