वापरलेले तळणीचे तेल : इंधनापूर्वीची तयारी

दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. येथील मराठी घरांतही दिवाळीत चकल्यांचे घाणे निघतात आणि मागे कढईत काळसर तेल उरते. शेजारच्या सरोजिनी नगरच्या बाजारात तर भटुरे-समोशांच्या कढया बाराही महिने तापलेल्या. या तेलापासून डिझेलला पूरक इंधन तयार होते, हे अनेकांना ऐकून ठाऊक असते. परंतु इंधनापूर्वी त्या तेलावर कोणते संस्कार करावे लागतात, याची माहिती क्वचितच असते. कर्जप्रस्ताव घेऊन येणाऱ्या उद्योजकांनाही नसते, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम कायद्याची बाजू. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार १ जुलै २०१८ पासून, ज्या तेलात एकूण ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांहून अधिक झाली आहेत ते तळणासाठी वापरता येत नाही. दिवसाला ५० लिटरपेक्षा अधिक तेल वापरणाऱ्या व्यावसायिकांवर १ मार्च २०१९ पासून त्याची नोंदवही ठेवण्याचे बंधनही आले. तरीही असे तेल स्वस्तात छोट्या विक्रेत्यांकडे जाऊन पुन्हा कढईत पडण्याचा धोका असतो. खरा प्रतिस्पर्धी खरेदीदार तोच.

आता तयारीविषयी. गोळा केलेल्या तेलात जळके कण, पाणी आणि मीठ असते. ते कोमट करून गाळतात व स्थिर ठेवतात. साका तळाशी बसतो. मग शंभर अंशांच्या वर तापवून अथवा निर्वातात पाणी उडवितात. यानंतरची परीक्षा सर्वांत महत्त्वाची : मुक्त मेदाम्लांचे प्रमाण. वारंवार तळल्याने तेलाचे रेणू तुटून ही आम्ले सुटी होतात. ती अल्प असतील तर मिथेनॉल व कॉस्टिक सोड्यासारखा उत्प्रेरक घालून थेट बायोडिझेल करता येते. जास्त असतील तर सोड्याशी त्यांचा संयोग होऊन चक्क साबण तयार होतो, इंधन व ग्लिसरीन वेगळे होईनासे होतात आणि माल वाया जातो. अशा तेलावर आधी गंधकाम्लाच्या साहाय्याने मिथेनॉलची प्रक्रिया करून आम्ले उणी करावी लागतात. सर्व सुरळीत झाल्यास १०० किलो शुद्ध तेल व सुमारे ११ किलो मिथेनॉलपासून जवळपास १०० किलो बायोडिझेल आणि १० किलो ग्लिसरीन मिळते.

दिल्लीजवळच्या पानिपत येथील इंडियन ऑइलच्या तेलशुद्धीकरण कारखान्याला अशा तेलापासून विमान-इंधन बनविण्यासाठी २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. या मार्गात हायड्रोजनची प्रक्रिया असते. तेथील उत्प्रेरकाला फॉस्फरस, धातू व क्लोराइड ही विषासमान; म्हणून तेल धुऊन, डिंकविरहित करून, शोषक मातीतून गाळावे लागते. तळणातले साधे मीठही येथे महागात पडते.

बँकेच्या दृष्टीने हिशेब सोपा आहे. समजा, ५० रुपये किलोने १,००० किलो माल घेतला आणि त्यात सहा टक्के पाणी व गाळ निघाला, तर हाती ९४० किलो तेल उरते व त्याची किंमत किलोमागे ५३ रुपये १९ पैसे पडते. जळण आणि मजुरी निराळी. यास्तव प्रकल्प अहवालात यंत्रांच्या दरपत्रकांपेक्षा तेल पुरविणाऱ्या उपाहारगृहांशी झालेले करार आणि आम्लता तपासणीची सोय आम्ही आधी पाहतो. घरचे तेल द्यावयाचे असल्यास ते थंड करून गाळावे, कोरड्या डब्यात भरावे आणि त्यात गाडीचे ऑइल कदापि मिसळू नये.