जुन्या घरातला वाय-फाय : मेश आणि तारेची जोड



सन २०२० मध्ये शाळा बंद होत्या आणि वर्ग मोबाइलवर चालत होते, तेव्हा आमच्या हातून एक चूक झाली. नववीतला एक मुलगा रोज तासाच्या मध्येच नाहीसा व्हायचा. हाक मारली तर उत्तर नाही, पाच मिनिटांनी पुन्हा हजर. आम्हाला वाटले, मुलगा खेळतो आहे. त्याची गैरहजेरी लावली, वडिलांना पत्रही पाठवले. पुढे त्यांच्या घरी जाण्याचा योग आला. मल्हारगंजातले जुने घर, रस्त्याकडे अरुंद आणि आत लांबच लांब. राउटर पुढच्या बैठकीत, मुलाची खोली अगदी मागे, मध्ये दीड-दोन फुटी तीन भिंती. मुलगा जिन्याच्या पायरीवर बसून धडा ऐकत असे, कारण थोडेफार नेटवर्क तिथेच मिळायचे. दोष मुलाचा नव्हता, भिंतींचा होता. त्या दिवशी आम्ही त्याची क्षमा मागितली आणि हा विषय नीट समजून घ्यायचे ठरवले. जे समजले ते येथे देत आहोत.

भिंत काय करते?

वाय-फाय म्हणजे रेडिओ लहरी. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्यात अशा लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. लहर भिंत ओलांडते हे खरे, पण ओलांडताना तिची ताकद घटते. घरातला वाय-फाय मुख्यतः दोन पट्ट्यांत चालतो. २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्झची सुमारे ६ सेंटिमीटर. (आम्ही हिंदी माध्यमात शिकलो, तिथे याला ‘तरंगदैर्घ्य’ म्हणत. शब्द भारदस्त, अर्थ तोच.) पहिली लहर भिंतीतून बरी जाते, पण तिचा वेग कमी आणि शेजाऱ्यांच्या राउटरांची गर्दीही त्याच पट्ट्यात. दुसरीचा वेग जास्त, पण जाड भिंतीपाशी ती लवकर थकते.

एक जाड भिंत सहज १० डेसिबल ताकद खाते. १० डेसिबल म्हणजे उरला दहावा भाग. अशा दोन भिंती आल्या तर शंभरावा आणि तीन आल्या तर हजारावा. आपला राजवाडा सात मजली. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. तिथे राउटर लावला तर वरच्या लाकडी मजल्यांवर लहर मोकळी फिरेल, खालच्या दगडी मजल्यांत अडून बसेल. आपल्या घरांतही लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी यांच्या आड राउटर ठेवू नये.

मेश म्हणजे काय?

मेश म्हणजे जाळे. एकाच मोठ्या राउटरऐवजी दोन-तीन लहान डबे घरात ठिकठिकाणी ठेवतात. सर्वांचे नाव आणि पासवर्ड एकच. आपण बैठकीतून मागच्या खोलीत गेलो की फोन जवळचा डबा पकडतो.

पण येथे एक मेख आहे. वर्गात गुरुजींचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जात नाही म्हणून मध्ये एक मॉनिटर उभा केला, असे समजा. तो आधी वाक्य ऐकणार, मग मागच्यांना सांगणार. ऐकताना त्याला बोलता येत नाही. म्हणून एका तासाच्या धड्याला दोन तास लागतात. बिनतारी मेशमधला डबा एकाच पट्ट्यावर ऐकू आणि बोलू लागला की असाच वेग जवळपास निम्मा होतो. पुढे आणखी एक डबा जोडला तर चौथाई. महागड्या मेशमध्ये डब्यांच्या आपसातल्या बोलण्यासाठी वेगळा पट्टा असतो, पण जाड भिंत त्याच्याही वाटेत येतेच.

आणखी एक चूक पुष्कळ घरांत होते. ज्या खोलीत नेटवर्क नाही, नेमका तिथेच दुसरा डबा ठेवतात. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तो दुसऱ्याला काय सांगणार? बिनतारी डबा असेल तर तो निम्म्या वाटेवर, नेटवर्क चांगले असेल तिथे ठेवावा.

यावर पक्का उपाय म्हणजे तार. डब्यापर्यंत केबल नेली की भिंतीचा प्रश्नच उरत नाही. मग डबा थेट मागच्या खोलीत ठेवता येतो आणि तिथेही पूर्ण वेग मिळतो.

जोडणी कशी करावी?

१. घराचा नकाशा कागदावर काढा. कुठे नेटवर्क आहे, कुठे नाही, ते फोन हातात धरून प्रत्येक खोलीत पाहा. दोन-तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राउटर मधोमध ठेवल्यानेच काम भागते. तिथे मेशवर पैसे घालू नका.

२. केबल ‘कॅट ६’ घ्या. ‘कॅट ५ ई’ही चालते. दोन्ही १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट वेग नेतात. जेल रोडवर खरेदी करताना तार शुद्ध तांब्याची आहे ना, हे विचारा. वरून तांबे आणि आत ॲल्युमिनियम असलेली केबल स्वस्त पडते, पण लवकर तुटते.

३. केबल विजेच्या पाइपातून नेऊ नका. वेगळी पट्टी लावा. विजेची तार ओलांडायची झाल्यास काटकोनात ओलांडा. केबल करकचून वाकवू नका, तिच्यावर खिळा ठोकू नका.

४. केबलमध्ये आठ तारा असतात. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

५. कंपनीच्या डब्यातून केबल मेशच्या मुख्य डब्यात, तिथून स्विचमध्ये आणि स्विचमधून प्रत्येक खोलीतल्या डब्यात न्या. टीव्ही आणि कॉम्प्युटरही तारेनेच जोडा. म्हणजे हवेतली जागा फोनसाठी मोकळी राहते.

६. कंपनीच्या डब्यातला वाय-फाय बंद करा आणि त्याला ‘ब्रिज’वर ठेवायला सांगा. ते होत नसेल तर मेशला ‘ॲक्सेस पॉइंट’वर ठेवा. दोन राउटर एकाच घरात कारभार करू लागले की व्हिडिओ कॉल आणि प्रिंटर यांना अडचणी येतात. एका घरात दोन कारभारी नकोत.

७. जोडून झाल्यावर वेग तपासा. १००० ऐवजी १०० मेगाबिट दाखवत असेल तर आठांपैकी एखादी तार सुटली आहे असे बहुधा समजावे, कारण १०० मेगाबिटला चारच तारा पुरतात. टोक कापून पुन्हा बसवा.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. एकाच स्विचमध्ये एका केबलची दोन्ही टोके चुकूनही लावू नका. माहिती गोल गोल फिरत राहते आणि घरभराचे इंटरनेट बंद पडते. दुसरे, अंगणापलीकडच्या वेगळ्या इमारतीत तांब्याची केबल उघड्यावरून नेऊ नका. आपल्या माळव्यात पावसाळ्यात विजा चमकतात, तारेतून येणारा झटका सगळे डबे जाळू शकतो. तिथे ऑप्टिकल फायबर घ्यावी. ती काचेची असते आणि तिच्यातून वीज वाहत नाही.

त्या मल्हारगंजातल्या घरी मुलाने वडिलांच्या मदतीने जिन्याच्या कडेने एकच केबल ओढली आणि मागच्या खोलीत एक डबा लावला. आता त्याची धाकटी बहीण तिथे बसून शिकते. पायरी रिकामी आहे. आमच्या शिक्षक बंधू-भगिनींनाही विनंती, मूल मध्येच गप्प झाले तर पत्र लिहिण्याआधी त्याच्या घराच्या भिंती एकदा विचारात घ्याव्या.

स्वाध्याय

१. मुख्य डब्यावर २०० मेगाबिट वेग आहे. एकाच पट्ट्यावर चालणारे दोन बिनतारी डबे एकापुढे एक लावले. दुसऱ्या डब्यावर अंदाजे किती वेग मिळेल? दोन्ही तारेने जोडले तर?

२. दोन भिंती प्रत्येकी १० डेसिबल ताकद घटवतात. मूळ ताकदीचा कितवा भाग पलीकडे पोहोचेल?

३. आपल्या घराचा नकाशा काढून नेटवर्क नसलेल्या जागा रंगवा. त्यामागचे कारण भिंत, कपाट की अंतर, ते लिहून वर्गशिक्षकांना दाखवा.