कुटुंबासाठी मोटारीची निवड

मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबात मोटार अनेक वर्षांच्या बचतीतून येते. म्हणून ती रूपावरून नव्हे, गरजेवरून निवडावी. रायपूरच्या मराठी कुटुंबाचा रोजचा प्रवास शहरातला असतो. सणासुदीला मात्र राजनांदगाव, भंडारा या मार्गाने नागपूरपर्यंत सुमारे तीनशे किलोमीटर जावे लागते. अशा वेळी खड्ड्यांत तळ न घासणारी, वृद्धांना फारसे न वाकता बसता येईल अशी लहान क्रॉसओव्हर सोयीची ठरते.

किमतीत कराचा वाटा मोठा असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लांबी ४ मीटरपर्यंत व पेट्रोल इंजिन १,२०० घनसेंटीमीटरपर्यंत असल्यास वस्तू व सेवा कर १८ टक्के लागतो. कोणतीही एक मर्यादा ओलांडल्यास ४० टक्के. म्हणून पेट्रोलवरील टाटा पंच खालच्या वर्गात मोडते. मारुती ब्रेझा लांबीने मर्यादेत असूनही १,४६२ घनसेंटीमीटरच्या इंजिनामुळे वरच्या वर्गात जाते.

परंतु स्वस्ताई सुरक्षिततेच्या मोबदल्यात नको. १ ऑक्टोबर २०२३ रोजी सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ चाचणीत त्या गाडीला किती तारे मिळाले, हे पाहावे. शेवटी, घरची सर्व माणसे बसवून भर दुपारी गाडी चालवून पाहावी. मागच्या आसनावरील वृद्धांपर्यंत गारवा पोहोचतो की नाही, हे माहितीपत्रकातून कळत नाही.