मोटारउद्योगातील साखळी आणि कामगार संघटना

मोटारगाडी एखाद्या कारखान्यात तयार होते, हे विधान आता अंशतःच खरे राहिले आहे. गाडीचे हजारो सुटे भाग निरनिराळ्या कारखान्यांत, पुष्कळदा निरनिराळ्या देशांत बनतात आणि अखेरीस एका ठिकाणी जोडले जातात. या रचनेने कामगारांचे सामर्थ्य वाढविले की घटविले, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

वेग कोणाच्या हाती?

१९१३ साली हेन्री फोर्ड यांच्या हायलंड पार्क येथील कारखान्यात सरकत्या पट्ट्यावरील जोडणी सुरू झाली. सांगाडा जोडण्यास पूर्वी सुमारे साडेबारा तास लागत. लवकरच ते काम दीड तासावर आले. मात्र कामाचा वेग आता पट्टा ठरवू लागला. कंटाळून कामगार इतक्या मोठ्या संख्येने निघून जाऊ लागले की, जानेवारी १९१४ मध्ये आठ तासांच्या दिवसाला पाच डॉलरपर्यंत मोबदला देण्याची घोषणा फोर्ड यांना करावी लागली. मोबदला वाढला, पण वेगाविषयी बोलण्याचा अधिकार कामगारांना मिळाला नाही. डिसेंबर १९३६ च्या अखेरीस फ्लिंट येथील जनरल मोटर्सचे कामगार कारखान्यातच ठाण मांडून बसले, तेव्हा कामाचा असह्य वेग ही त्यांची एक प्रमुख तक्रार होती. ४४ दिवसांनंतर कंपनीने त्यांच्या संघटनेस मान्यता दिली.

साठ्याचा अभाव

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधील टोयोटा कंपनीत ताईची ओनो यांनी नवी पद्धत रुजविली. तिचे सूत्र असे की, सुटे भाग कोठारात साठवू नयेत. लागतील तेव्हा आणि लागतील तेवढेच आणावेत. पुढे ही पद्धत जगभर पसरली. तिने खर्च वाचला, परंतु संपाच्या काळात मालकाला तग धरू देणारा साठाही नाहीसा केला.

मार्च १९९६ मध्ये अमेरिकेतील डेटन येथे ब्रेक बनविणाऱ्या सुमारे ३,००० कामगारांनी १७ दिवस संप केला, आणि उत्तर अमेरिकेतील जनरल मोटर्सचे बहुतेक जोडणी कारखाने बंद पडले. मे २०१० मध्ये चीनमधील फोशान येथे होंडाच्या गिअरबॉक्स बनविणाऱ्या कारखान्यात हेच घडले. तेथील कामगारांत व्यावसायिक शाळांतील शिकाऊ विद्यार्थ्यांचा मोठा भरणा होता. त्यांच्या संपाने होंडाचे त्या देशातील सर्व जोडणी कारखाने थांबले. कामगारांना भरीव वेतनवाढ मिळाली.

एकाच पट्ट्यावरील दोन दर्जे

साखळीतील प्रत्येक कडीला असे बळ आले खरे. परंतु कडीच्या आतच फूट असेल तर त्या बळाचा उपयोग होत नाही. हरियाणातील मानेसर येथील मारुती सुझुकीच्या कारखान्यात २०११ साली कायम कामगार निम्म्याहूनही कमी होते. उरलेले कंत्राटी, उमेदवार वा शिकाऊ होते. काम सारखे असले तरी वेतन व सुरक्षितता सारखी नव्हती. स्वतःच्या संघटनेच्या मान्यतेसाठी कामगारांनी जूनमध्ये १३ दिवस कारखान्यातच ठिय्या दिला. ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा संपावर गेले, तेव्हा कंत्राटी सोबत्यांना कामावर परत घ्यावे, ही त्यांची एक मुख्य मागणी होती. त्या महिन्यातील तडजोडीत ती मान्य झाली.

पुढचा इतिहास दुःखद आहे. १८ जुलै २०१२ रोजी तेथे हिंसाचार व जाळपोळ होऊन एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. कंपनीने पाचशेहून अधिक कायम कामगारांना बडतर्फ केले. २०१७ साली न्यायालयाने १३ जणांना जन्मठेप दिली, तर ११७ जणांना निर्दोष सोडले. त्यांतील अनेकांनी दीर्घकाळ तुरुंगवास भोगला होता.

तात्पर्य, साठा नसलेल्या साखळीत कामगाराचे सामर्थ्य त्याच्या संख्येपेक्षा त्याच्या स्थानावर अवलंबून असते. ते स्थान कायम आणि कंत्राटी कामगार शेजारी उभे राहून सांभाळतात. म्हणूनच दोघांना एकत्र आणणे हे मोटारउद्योगातील कामगार संघटनांचे आद्य कर्तव्य ठरते.