व्हॉल्व्हला हात सगळ्यांत शेवटी

पोरांनो, भोकरदन तालुक्यातला कापूस-मका वाहणारी जुनी पिकअप असो, की हसनाबादेहून राजूरच्या गणपतीला शिटा नेणारी बोलेरो, ‘स्टेअरिंग ओढतंय’ म्हटलं की लगेच स्टेअरिंग बॉक्सवर पाना लावू नका. आधी पुढच्या दोन्ही टायरांची हवा मापा. मग एकाला स्टेअरिंग थोडं थोडं हलवायला लावा आणि खाली वाकून ड्रॅग लिंक, टाय रॉडच्या जॉइंटवर हात ठेवा. प्ले असला तर हाताला कळतोच. पट्टा ढिला असेल, ऑइल कमी असेल किंवा त्याला फेस आला असेल, तर आधी ते नीट करा.

बॉक्समधला पॉवर स्टेअरिंगचा व्हॉल्व्ह बिघडलाय का, ते ओळखायचं असं. मागच्या चाकांना ओट लावा, पुढची चाकं उचलून गाडी घोडीवर घ्या, गिअर न्यूट्रल. चाकं सरळ करून इंजिन चालू करा आणि हात काढा. स्टेअरिंगच्या आऱ्यांत बोटं ठेवू नका, झटका बसला तर हाड मोडेल. स्टेअरिंग आपोआप एका बाजूला फिरू लागलं, तर व्हॉल्व्ह मध्यावर नाही, एकाच बाजूला ऑइलचा दाब जातोय. इथं स्थिर राहिलं आणि रस्त्यावरच ओढलं, तर अलाइनमेंट बघा, चिकटलेला ब्रेक बघा.

बॉक्सच्या डोक्यावर चेकनटातला जो स्क्रू दिसतो, तो व्हॉल्व्हचा नाही. तो आतल्या दात्यांचा प्ले काढायला आहे. लई गाड्या या एका स्क्रूनं खराब केलेल्या असतात. प्ले गेला म्हणून मालक खूश होतो, आणि पुढच्या वळणावर स्टेअरिंग परत सरळ येत नाही. तो आवळायचा तर ड्रॅग लिंक सोडा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजा आणि बरोबर निम्म्यावर थांबा. दाते तिथंच सगळ्यांत घट्ट बसतात. कडेला आवळला तर मध्यावर जाम होणार. आवळायच्या आधी खडूनं खूण करा, स्क्रू अगदी थोडाच फिरवा. चेकनट आवळताना स्क्रू एलन पान्यानं धरून ठेवा, नाहीतर तोही सोबत फिरतो.

मग व्हॉल्व्हचा नट असतो तरी कुठं? 1951 साली क्रायस्लरनं अमेरिकेत पॉवर स्टेअरिंगची मोटार विकायला काढली. त्यानंतरच्या काही विलायती गाड्यांत व्हॉल्व्ह लिंकेजवरच असे, बाहेरून नट फिरवून लावता येई. सिलिंडरचा दांडा सोडायचा, इंजिन चालू ठेवून नट फिरवायचा. दांडा बाहेर येऊ लागतो ती एक खूण, आत जाऊ लागतो ती दुसरी. दोन्हींच्या मधोमध नट ठेवायचा.

बोलेरोच्या बॉक्समध्ये असा नट नाही. त्यातला व्हॉल्व्ह कंपनीतच मध्यावर बसवून पिन मारलेला असतो. तो बिघडला तर उघडू नका. जालन्याला किंवा संभाजीनगरला, प्रेशर गेज लावून तपासणाऱ्या कारागिराकडं बॉक्स पाठवा.