विद्यार्थी-संपादक आणि त्याचे धाकटे सहकारी

३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केला. ३ एप्रिल १९२७ पासून निघालेल्या 'बहिष्कृत भारता'चे तर चोवीस-चोवीस रकाने त्यांना एकट्याला लिहून काढावे लागले. हा प्रसंग आपण अभिमानाने सांगतो. त्यामागचे कारण मात्र विसरतो. लिहिणारे सहकारी मिळत नव्हते आणि पगारी माणूस ठेवण्यास पैसा नव्हता. समाजावर शतकानुशतके लादलेल्या निरक्षरतेची ती किंमत होती.

भित्तिपत्रकाचा संपादक निवडताना मीही हे विसरलो होतो. बऱ्याच वर्षांपूर्वी १४ एप्रिलच्या अंकाचे काम मी नववीतील एका हुशार, वळणदार अक्षराच्या मुलाकडे सोपविले. सहावीच्या एका मुलाने त्याला लेख दिला : आईबाबा ऊसतोडीला जातात, पहाटे फडात थंडी असते, आई मोळ्या वाहते, पाचटाने तिचे हात कापतात. संपादकाने त्याचे 'माझी माता अत्यंत कष्टाळू असून मला तिचा अभिमान वाटतो' असे करून टाकले. अंक देखणा झाला. मी सर्वांसमोर संपादकाची पाठ थोपटली. सहावीच्या त्या मुलाने पुढे भित्तिपत्रकाला एक ओळही दिली नाही. दोष संपादकाचा कसा म्हणावा? दुसऱ्याच्या वहीवर लाल शाई चालविणे तो आम्हा शिक्षकांकडूनच शिकला होता.

त्यानंतर पद्धत बदलली. संपादकाने लेखकाला शेजारी बसवून लेख मोठ्याने वाचावा, उमगले नाही तेथे प्रश्न विचारावा. पेन्सिल लेखकाच्याच हाती राहावी. ऱ्हस्व-दीर्घ अगदी शेवटी. यात वेळ फार जातो, अंक लांबतो, अक्षरही वेडेवाकडे येते. पालकांनी ते चालवून घ्यावे, ही विनंती. शिवाय प्रत्येक थोरल्याने एका धाकट्यास हाताशी धरावे, कारण दहावीनंतर संपादक निघून जातो. बाबासाहेब १९२० मध्येच शिक्षणासाठी लंडनला गेले आणि 'मूकनायक' मागे राहिलेल्यांच्या हाती फार वर्षे तग धरू शकला नाही, हे येथे आठवावे.

गतवर्षी आठवीतील संपादिका पाचवीच्या मुलीचा लेख वाचत होती. मी व्हरांड्यात उभा होतो.

"मोळी आईच्या डोक्यावर कोण गं चढवतं?"

"मामा. बाबा वारले ना ताई, आता आई आणि मामा मिळून एक कोयता."

हे वाक्य लेखात नव्हते. तिने ते तेथेच बसून लिहिले.